ईश्वरी शेटे, वडवणी

वडवणीच्या पेठेत कल्याणराव शेट्यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानात माल उतरला की टेंपोवाला हलायच्या आत त्यांची पोरगी ईश्वरी खाली फतकल मारून बसायची आणि एकेका भांड्यावर नख मारत जायची. टण्ण. टण्ण. टण्ण. मधेच थांबायची.

"अप्पा, हे न्हाई."

डोळ्याला काही दिसायचं नाही. भांडं पाणी भरून ठेवलं की दुपारपर्यंत त्याच्या बुडाखाली ओल यायची. केसाएवढी चीर असायची, पण असायची. भांडी विकण्यात जन्म गेलेल्या कल्याणरावांनाही ती ऐकू यायची नाही. गिऱ्हाईक कुणीही असो, ते हा किस्सा सांगितल्याशिवाय त्याला पायरी उतरू द्यायचे नाहीत.

दोन हजार एक साली ईश्वरी बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. सगळ्या पोरी देतात म्हणून सीईटीही दिली होती. पण घरात ठरलेलं असं होतं, की अंबाजोगाईला डी.एड. करायचं आणि मग केजच्या स्थळाला होकार कळवायचा. स्थळ चांगलं होतं, पाहुणे तोलामोलाचे होते. कल्याणरावांची बायको मल्लम्मा तर मनानं केजला जाऊनही आली होती.

ईश्वरी नाही म्हणाली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "अप्पा, कॉम्प्युटरवर प्रश्नांची उत्तरं दिली की आपल्याला कोणतं काम जमंल ते सांगतेत म्हणं. पेपरात आलतं. एकदा बघू का?"

"बघू की. बघायला काय जातंय?"

बीडला बसस्टँडजवळ बजरंगचं नेट कॅफे होतं. पूर्वी त्या गाळ्यात शिवणाची मशीन चालायची. आता प्लायवूडची खोपटी करून कॉम्प्युटर मांडले होते. बजरंग तिशीतला, बोलका माणूस. त्यानं लाइन जोडून दिली. यंत्रानं खरखर केली, शीळ घातली आणि बऱ्याच वेळानं पडद्यावर ती साइट उतरली. सगळं इंग्रजीत होतं. ईश्वरी वाचायची, अप्पांना अर्थ सांगायची आणि उत्तर द्यायची. तुम्हाला माणसांत आवडतं की एकट्यानं? हातानं काम करायला आवडतं का? दुसऱ्यांना न जाणवणारी एखादी गोष्ट तुम्हाला जाणवते का?

या शेवटच्या प्रश्नावर बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं. कल्याणराव हसले. "लिव्ह, हो म्हणून लिव्ह."

उत्तर आलं: धातुशास्त्र. त्याखाली चार ओळींत कामाचं वर्णन होतं. पूल, बॉयलर, विमानाचे भाग यांच्या पोटातल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा आवाजाच्या लहरींवरून शोधणं. ईश्वरीनं ते वाचून दाखवलं आणि कल्याणरावांच्या अंगावर काटा आला, पण तो आनंदाचा. आपल्या पोरीच्या खेळाला जगात नाव आहे, हे त्यांना त्या खोपटात बसून कळलं.

त्याच पानावर खाली लिहिलं होतं की हे काम करणाऱ्या माणसाला तुम्ही प्रश्न विचारू शकता. माणसाचं नावही दिलेलं होतं.

ईश्वरी के. शेटे. मूळ गाव वडवणी.

"हे कसं?" ईश्वरी म्हणाली.

बजरंग डोकावला. "ताई, सुरवातीला तुमी नाव-गाव टाकलं ना, तेच फिरून आलं असंल. मशिनी असंच करतेत."

ते पटण्यासारखं होतं. ईश्वरीनं गंमत म्हणून एक प्रश्न टाकला: तुमच्या वडिलांना तुम्ही कसं तयार केलं?

पुढच्या सोमवारी दोघं पुन्हा गेले. उत्तर आलेलं होतं. ईश्वरीनं ते आधी मनात वाचलं, मग हळू आवाजात सांगितलं.

"तयार करावंच लागलं नाही, म्हणती ती. वडील माझ्याबरोबर यायचे. शेजारी बसायचे. एकदा मधेच लाइट गेली, तर मला वाटलं आता उठा म्हणतील. तर ते म्हणाले, बस, येईल."

"न्हाई बा," कल्याणराव म्हणाले. "आपण आलतो तवा लाइट कुठं गेलती?"

ते बोलले आणि पंखा थांबला. पडदा काळा झाला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी वीज मंडळाला शिवी हासडली. बजरंगच्या बॅटरीनं केव्हाच मान टाकलेली होती. ईश्वरी अंधारात तशीच बसून राहिली. तिचा श्वास कल्याणरावांना ऐकू येत होता. केजचं स्थळ, मल्लम्माचा चेहरा, हॉस्टेल, एकटी पोर, सगळं त्यांच्या डोळ्यापुढून गेलं. मग ते तेच म्हणाले. दुसरं काही त्यांच्या तोंडी आलंच नाही.

"बस. येईल."

त्या दिवशी जाताना त्यांनी बजरंगला बाजूला घेतलं. "खरं सांग बे, हे तूच लिवतोस का?"

बजरंगचा चेहरा उतरला. "कपिलधारची आण मालक. मला एवढं इंग्लिश येत असतं तर मी इथं काहून बसलो असतो?"

पोरीला पुण्याच्या सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला. केजच्या पाहुण्यांना कल्याणराव स्वतः जाऊन हात जोडून आले. मल्लम्मा चार दिवस नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं पोरीसाठी लाडू वळायला घेतले. निघताना पेठेतली माणसं स्टँडवर आली होती. वडवणीतली पोरगी इंजिनिअर व्हायला पुण्याला चालली, तीही लोखंडाची! म्हाताऱ्या सरस्वतीबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. कल्याणराव गाडीच्या खिडकीशी उभे होते. रडले नाहीत. छाती मात्र अशी भरून आली होती, की सदऱ्याची गुंडी तुटेल असं वाटत होतं.

ईश्वरीचे फोन यायचे. पहिल्या वर्षी ती वर्गात वरच्या नंबरात आली. प्रयोगशाळेत सरांनी दोन लोखंडी सळया पुढं ठेवल्या, तर हिनं यंत्र लावायच्या आधीच चिरलेली कोणती ते सांगितलं. सर म्हणाले, कुठनं शिकलीस? ती म्हणाली, आमच्या दुकानात. हे ऐकून कल्याणरावांनी फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला, मागितला नव्हता तरी, चहा पाजला. पुण्याला गेल्यावर तिनं ती साइट पुन्हा उघडली नव्हती. वेळच नसायचा, म्हणायची.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी कल्याणराव मालासाठी बीडला गेले होते. काम लवकर उरकलं. दुपारची वेळ होती, गाडीला अवकाश होता, आणि पाय आपसूक बजरंगच्या गाळ्याकडे वळले.

"मालक! ताई कशा हायेत?"

"लई भारी चाललंय तिचं. ते पान निघतंय का रं अजून? त्या बाईला एक इचारायचं होतं."

बजरंगनं शोधून काढलं. पान होतं. नाव होतं. कल्याणरावांनी आपलं नाव-गाव काहीच घालू दिलं नाही. "एवढंच लिव्ह, सुखात हाय का?" बजरंगनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, तसंच पाठवलं.

उत्तराला आठवडा लागायचा. कल्याणरावांनी चहा सांगितला. पहिला घोट घेतला असेल नसेल, पडद्यावर एक ओळ आली. त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता यायची. डब्यांवरची, पेट्यांवरची नावं वाचून वाचून आलेली. त्यांनी ओठ हलवत जुळवलं.

अप्पा?

त्यांना अप्पा म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

बजरंगनं खुर्ची मागे सरकवली.

दुसरी ओळ आली. तिसरी आली. सगळं मराठी, इंग्रजी अक्षरांत. कल्याणराव सावकाश वाचत गेले.

अप्पा, मी सुखात हाय. पुलांचं काम बघते. मी बोट ठेवलं तिथं चीर निघते, आजपर्यंत चुकलं न्हाई. लोक मॅडम म्हणतेत, उठून उभं राहतेत. माय माझ्याजवळच असती. तिला आता ऐकू कमी येतंय.

लाइनची खरखर चालू होती.

तुमी इतकी वर्षं काहून बोलला न्हाई?

कल्याणरावांनी चहाचा कप खाली ठेवला. पुण्याला ईश्वरीशी ते परवाच बोलले होते.

खाली निळ्या अक्षरांत काहीतरी होतं. "फोटो हाय," बजरंग म्हणाला. "उघडू का, मालक?"

"उघड."

फोटो वरून खाली उतरू लागला, एकेक पट्टी. आधी भिंत. मग पिकलेले केस, मधोमध भांग. कपाळावर आडवं भस्म. चष्मा. मल्लम्माचं नाक, कल्याणरावांची स्वतःची हनुवटी. पन्नाशीची बाई टेबलामागे ताठ बसली होती. सवय असल्यासारखी ताठ.

"ईसूच हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला होता. "बघ कशी बसलीय! कलेक्टर बसावा तशी."

बजरंग तिच्याकडे बघत नव्हता. तो तिच्या मागच्या भिंतीकडे बघत होता. तिथं एक तसबीर होती. तिला चंदनाचा हार होता, भरगच्च, फ्रेमच्या खाली लोंबणारा.

कल्याणरावांनीही मग बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हार चांगला घातलाय पोरीनं," ते म्हणाले.

तसबिरीतल्या माणसाच्या मिशीत एकही केस पांढरा नव्हता. कल्याणरावांनी हात वर नेला आणि आपल्या काळ्याभोर मिशीवरून सावकाश फिरवला.