बिघाड सापडेपर्यंत

त्याला तिने पहिल्यांदा पाहिलं आणि सरळ खोलीत कोंडलं.

तसा दोष तिचा नव्हता. कानांच्या तपासणीच्या त्या छोट्या दवाखान्यात सकाळपासून माणसं ताटकळत होती आणि बाकाच्या टोकाला तो बसला होता. निळा शर्ट, मांडीवर बॅग, मान एका बाजूला किंचित कललेली. मान अशी कललेली माणसं बहुधा एका कानाने कमी ऐकतात, हा तिचा अनुभव. तिने हातानेच बोलावलं. तो आला आणि काहीतरी सांगू लागला.

"आधी तपासणी. बोलू मग," ती म्हणाली.

तिने त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि जाड दार ओढून घेतलं. मग काचेच्या अलीकडे, कॉम्प्युटरसमोर बसून माइकचं बटण दाबलं. "कितीही बारीक सूर आला तरी बटण दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही."

त्याने शहाण्या मुलासारखी मान डोलावली.

दोन्ही कान उत्तम निघाले. इतके उत्तम, की तिला जरा रागच आला. दार उघडून ती म्हणाली, "तुम्हाला तर सगळं ऐकू येतं. मग आलात कशाला?"

"कॉम्प्युटर बघायला." तो हेडफोन काढत हसला. "अपडेटनंतर तुमचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो, अशी तक्रार होती ना? तेच सांगत होतो… पण तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

काउंटरवरच्या मावशी हसू लपवायला टेबलाखाली काहीतरी शोधू लागल्या. तिचे कान गरम झाले.

"आणि तुम्ही इतका वेळ नुसतं बटण दाबत बसलात?"

"बरं वाटलं. एवढं लक्ष देऊन मला कधी कोणी ऐकलं नव्हतं."

"मी नव्हते ऐकत. तुम्ही ऐकत होतात."

"हो का?" तो म्हणाला. "मला उलटंच वाटलं."

तक्रार खरीच होती. ऑपरेटिंग सिस्टिमचा नवा अपडेट आपोआप उतरला होता आणि तेव्हापासून तपासणी रंगात आली की स्क्रीन निळा पडायचा, कॉम्प्युटर आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा आणि अर्धी तपासणी वाया जायची. एक निवृत्त गुरुजी तर त्यापायी पुन्हा पुन्हा खेपा घालत होते. तपासणी पुरी झाल्याशिवाय त्यांचं कानातलं यंत्र बसवता येत नव्हतं. "पोरी," ते खणखणीत आवाजात म्हणायचे, "माझ्या कानांचं सोड. तुझ्या मशीनचेच कान तपासून घे आधी!" त्याच दिवशी दुपारी त्यांची तपासणी पुन्हा मध्येच तुटली, तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं, की बिघाड सापडेपर्यंत कोणालाही तपासायचं नाही.

त्यामुळे दवाखाना ओस पडला. उरले तिघं. त्यातल्या मावशींनी पहिल्याच दिवशी हात झटकले होते. "मला त्या डब्यात कोंडू नका, बाई. जीव घाबरतो माझा." म्हणून कॉम्प्युटर तपासताना आत बसायचं काम त्याच्याकडेच आलं.

"अपडेट काढून टाकता येणार नाही का?" तिने विचारलं.

"येईल. पण तो पुन्हा आपोआप येऊन बसेल. नक्की काय बिनसलंय ते कळायला हवं. बंद पडल्यावर कॉम्प्युटर नुसता एक आकडा दाखवतो. त्याचा अर्थ एवढाच, की काहीतरी बिघडलंय."

"म्हणजे डॉक्टरांनी 'अशक्तपणा आहे' म्हणावं तसं."

"अगदी!" तो खूश झाला. "आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं."

हे तिला पटलं. विज्ञान शिकताना तिनेही हेच गिरवलं होतं. तिने त्याला सगळं नीट सांगितलं: कोणत्या सुराच्या वेळी बंद पडला, खोली किती गार होती, कोणती वायर कुठे होती. त्याने मेमरी बदलून पाहिली, वायरी बदलल्या, एकेक प्रोग्रॅम बंद केला आणि प्रत्येक वेळी काचेपलीकडे जाऊन बसला. ती सूर वाजवत राहिली… आणि कॉम्प्युटर काही केल्या बंद पडेना.

"तुम्ही असलात की शहाण्यासारखा वागतो," ती दार उघडून म्हणाली.

"वागतोय ना? मग मी इथेच राहतो."

तिने खाली बघून उगाचच एक वायर सरळ केली.

आत बसला की तो अखंड बोलायचा. त्याच्या बाजूचा माइक तिच्याजवळच्या स्पीकरला सरळ जोडलेला होता. भाड्याच्या खोलीबद्दल सांगायचा, शेजारच्या भांडखोर जोडप्याबद्दल सांगायचा, आपण ओट्याशी उभ्या उभ्याच कसे जेवतो, ते सांगायचा. आणि बोलता बोलता सूर आला की बटणही दाबायचा. तिच्या समोरचा छोटा दिवा लुकलुकायचा. ती मान हलवायची, कधी हसायची, पण तिच्या बाजूच्या माइकला तिचं बोट लागत नसे. काय बोलायचं?

"तुम्ही नुसती मान हलवता," एकदा तो म्हणाला. "मला वाटतं, मी टीव्हीवर बातम्या देतोय."

संध्याकाळी ती आपल्या दोन खोल्यांच्या घरी जायची. दिवसभर माणसांना 'ऐकू येतंय का?' विचारणाऱ्या तिला घरी काही विचारणारं कोणी नव्हतं. फ्रीज घुमायचा. तो कोणत्या सुरात घुमतो, हे तिला नेमकं ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढायचं. तेही ऐकून ऐकून ओळखीचं झालेलं. फोन वाजला, की पहिला शब्द घशातच अडकायचा, इतक्या तासांनी ती तोंड उघडत असायची.

"वन्सं, बरं नाही का?" एका संध्याकाळी वहिनीने व्हिडिओवर विचारलं.

"बरं आहे. आवाज बसलाय."

"आणि हे नवे कानातले? दवाखाना बंद आहे म्हणालात ना?"

"बंद नाही. कॉम्प्युटर दुरुस्त होतोय."

"अगं बाई!" वहिनी डोळे मोठे करत म्हणाली. "कॉम्प्युटरसाठी कानातले?"

तिने फोन ठेवला. आरशासमोर जाऊन कानातले काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घातले.

त्या दुपारी मावशींनी तिला दारातच गाठलं. "आज शेवटचा दिवस म्हणे तुमच्या अपडेटवाल्यांचा."

"माझे कुठले?" ती म्हणाली; पण टेबलावर ठेवायला घेतलेली पर्स खुर्चीवरच पडली.

तो आला. छत्री झटकली, कोपऱ्यात उभी केली. "बदली झालीय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "दुसऱ्या शहरात. मुद्दाम आधी सांगितलं नाही… म्हणजे, सांगायचं राहिलं. उद्यापासून दुसरा माणूस फोनवरूनच बघेल. आज सापडलं तर ठीक, नाहीतर सगळं सामान कंपनीत पाठवावं लागेल."

"बरं," ती म्हणाली.

तो आत गेला. आज तो बोलत नव्हता. डोळे मिटून, मान कलती ठेवून बसला होता. बारीकशा सुरालाही दिवा लागत होता. एवढं सगळं ऐकू येतं या माणसाला, तिच्या मनात आलं, आणि मी काही म्हटलेलंच नाही! उद्या ही खुर्ची रिकामी असेल. मग गुरुजी येतील, मुलं येतील, आणि आपण सगळ्यांना विचारत राहू, ऐकू येतंय का…

तिचं बोट माइकच्या बटणावर गेलं.

"ऐका ना… तुम्ही गेलात की मला—"

स्क्रीन निळा झाला.

दार धाडकन उघडलं. "काय केलंत? आत्ता, नेमकं काय केलंत?"

"काही नाही."

"केलंत. आठवा!"

"मी… बोलले."

"सूर चालू असताना?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "तपासणी चालू असताना बोलता तुम्ही? इतरांशी?"

नाही, असं ती म्हणणारच होती. मग तिला गुरुजी आठवले. छान, असंच, घाबरू नका. लहान मुलांना शाब्बास, अजून एकदा. जे बिचकतात त्यांना धीर द्यायला ती हे म्हणायची, श्वास घ्यावा इतक्या सहज. तिने खोलीची हवासुद्धा हिशेबात धरली होती. स्वतःचा आवाज तेवढा धरला नव्हता.

"आणि माझ्याशी एकदाही बोलला नाहीत!" तो हसायलाच लागला. "म्हणून सापडत नव्हतं!"

तो खुर्ची ओढून बसला आणि त्याची बोटं कीबोर्डवर धावू लागली. आवाज वाहून नेणारा जुना प्रोग्रॅम अपडेटने काढून टाकला होता आणि स्वतःचा घातला होता. या नव्याला एका वेळी एकच आवाज झेपत होता. सूर चालू असताना तिचा आवाज आला, की तो कोलमडायचा आणि सगळा कॉम्प्युटर घेऊन पडायचा. त्याने जुना परत बसवला. पुढचे अपडेट त्याला हात लावणार नाहीत, अशी तजवीज केली. ती मागे उभी राहून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण दुसऱ्याच कोणाला तरी झाल्यासारखा. ती काय म्हणत होती, हे त्याने विचारलंच नाही.

"आता खात्री करू," तो उठला. "मी आत बसतो. सूर चालू ठेवा आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हणा."

दार लागलं. तिने सूर सुरू केला. "बे एके बे. बे दुणे चार…" दिवा लुकलुकत होता, स्क्रीन शांत होता. बे दाही वीसपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. काचेपलीकडून त्याने अंगठा वर केला आणि हेडफोनला हात घातला.

"काढू नका," ती म्हणाली.

तो थांबला.

"अजून… खात्री झाली नाही." तिने बटण घट्ट दाबून धरलं. "घरी गेल्यावर मी कोणाशी बोलत नाही. तक्रार नाही, सवय आहे. पण हल्ली दुपार झाली की मी दाराकडे बघते. बिघाड सापडावा असं वाटायचं, गुरुजींसाठी. आणि सापडू नये असंही वाटायचं. ते कोणासाठी, ते तुम्हाला कळलं असेल. नसेल कळलं, तर सांगते… माझ्यासाठी. तुम्ही जाऊ नका, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण गेल्यावर फोन करा. काही बिघडलेलं नसलं, तरी."

दिवा लागला नव्हता. तिने सवयीने सूर एक पायरी वाढवला. मग आणखी एक. एव्हाना तो गुरुजींनाही ऐकू गेला असता.

"तुम्ही बटण दाबत नाही आहात," ती हळूच म्हणाली.

स्पीकरमधून त्याचा आवाज आला, जरा घोगरा. "सूर वाजतोय?"

"केव्हाचा."

"मला नाही ऐकू आला." त्याने हातातलं बटण मांडीवर ठेवलं. "मघाचं ते अर्धं वाक्य मात्र ऐकलं होतं. पुढचं विचारायचं धाडस होईना. उगाच काहीतरी वेगळंच निघायचं… म्हणून पाढे म्हणायला सांगितले."

ती हसली. त्याला ते माइकमधून ऐकू गेलं असणार, कारण काचेपलीकडे तोही हसला.

"मी उद्या जाणार," तो म्हणाला. "ते टळत नाही."

"माहीत आहे."

"पण या रविवारी येऊ शकतो. आणि पुढच्याही."

"रविवारी दवाखाना बंद असतो."

"म्हणूनच," तो म्हणाला.