शुक्रवार ते सोमवार

तो आत आला तो चुकून.

गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीत जिना उतरलं की दोन काचेची दारं शेजारी-शेजारी लागायची. एक रस्त्यावर उघडायचं, दुसरं मैना काम करायची त्या टूर्सच्या ऑफिसात. दिवाळी होऊन गेलेली, नाशिकची थंडी नुकती जाणवायला लागलेली. मालक किशोरभाऊ जेवायला घरी गेले होते आणि मैना मान खाली घालून कुणाच्या तरी केरळच्या विमानांच्या वेळा जुळवत बसली होती. दार ढकललं गेलं. समोर एक उंच, उतरलेल्या चेहऱ्याचा तरुण उभा. त्यानं खुर्चीची पाठ पकडली, जरा थांबला… आणि न विचारताच बसला.

"या," मैना सवयीनं म्हणाली. "कुठं जायचंय?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडं. तिथं निळं-हिरवं पाणी होतं, पांढरी वाळू होती, नारळाचं वाकलेलं झाड होतं आणि झाडाखाली हातात हात घेतलेलं जोडपं.

"तिथं," तो म्हणाला.

"अंदमान. छान. किती जण?"

"एकटाच."

"ते पोस्टर हनिमूनचं आहे," मैना हसू दाबत म्हणाली.

"मग त्यातली ती मुलगी काढून टाका."

"तो बिचारा एकटा नारळाखाली बसलेला बरा दिसेल का?"

"त्याला सवय असेल," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. हसल्यावर त्याचा चेहरा एकदम वेगळाच झाला. मैनानं उगाचच माऊस हलवला.

तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. त्यानं जेमतेम ओठ ओले केले आणि ग्लास परत ठेवला, जपून, जसं काही त्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाटा होता.

"किती दिवसांची ट्रिप?"

"शुक्रवारी दुपारी निघायचं. सोमवारी परत इथं. याच इमारतीत."

"अंदमान आहे ते, त्र्यंबकेश्वर नाही."

"म्हणूनच विचारायला आलो," तो म्हणाला. खरं म्हणजे तो चक्कर आली म्हणून आला होता, दार चुकून. पण हे त्यानं तिला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

त्याचं नाव ललित. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात कामाला. "पंख जोडतो," असं तो सांगायचा. "इतके पंख हातांखालून गेले, पण आजवर विमानात बसलो नाही." एक दिवसाआड दुपारी तो ऑफिसात डोकावायला लागला, आणि मैनाला ते विचित्रही वाटेना. मैना घोटीची. भाताच्या खाचरांत वाढलेली, नाशिकला खोली करून राहणारी. लग्नाचं वय घरच्यांच्या मते कधीच उलटून गेलेलं. जगभरातल्या किनाऱ्यांची नावं तिला तोंडपाठ होती आणि तिनं पाहिलेला समुद्र म्हणजे शाळेच्या सहलीतला, तोही गढूळ.

ललित समोर बसायचा आणि दोघं मिळून ती सहल रचायचे. शुक्रवारी संध्याकाळी गाडीनं मुंबई. शनिवारी पहाटेचं विमान, दुपारी पोर्ट ब्लेअर, तिथून बोटीनं हॅवलॉक बेट. रविवार सगळा बेटावर.

"सकाळी काचेच्या तळाची बोट," मैना सांगायची. "खाली मासे, प्रवाळ सगळं दिसतं. संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त."

"आणि मधे?"

"मधे वाळूत पडून राहायचं. शहाळं प्यायचं."

"शहाळं मला विष आहे," तो सहज म्हणाला.

तिला वाटलं थट्टा. ती हसलीही. तो मात्र हसला नाही, आणि मग तिच्या लक्षात आलं — तो एक दिवसाआड का येतो, नेहमी जिन्यावरूनच का येतो, बाही कधीच वर का करत नाही. वरच्या मजल्यावर डायलिसिस सेंटर होतं. तिथून उतरणारी माणसं ती रोज काचेतून पाहायची आणि रोज नजर दुसरीकडं वळवायची.

"शहाळं, केळं, लिंबू-मोसंबी… सगळं बंद. पाणीसुद्धा मोजून," तो म्हणाला. "शुक्रवारी मशीन होतं, मग थेट सोमवारी. मधली सुट्टी तेवढीच. त्यात बसेल असं बेट हवं होतं."

मैनानं विचारलं, "दुखतं का?"

त्यानं डावी बाही वर केली. कोपराखाली शीर दोरखंडासारखी फुगली होती, तिच्यावर सुयांच्या जुन्या खुणा. "मशीनसाठी इथं शीर धमनीला जोडलीय. हात लावून बघा."

तिनं बोटं टेकवली. कातडीखाली काहीतरी गुणगुणत होतं. मांजर कुशीत घेतल्यावर जसं जाणवतं, तसं. तिनं हात लगेच काढला नाही. त्यानंही काढून घेतला नाही. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या आणि ती दोघं टेबलावर वाकून ते गुणगुणणं ऐकत असल्यासारखी बसली होती.

त्या दिवसापासून मैना ती सहल वेगळ्याच जिद्दीनं रचायला लागली. समुद्र खवळला की बेटावरच्या बोटी बंद होतात, हे तिला ठाऊक होतं. सोमवारी बोट निघाली नाही तर बेटावर मशीन नाही, आणि मशीन नाही म्हणजे काय, ते वरच्या सेंटरमधल्या मनोजनं तिला नीट समजावलं. मनोज मशीन लावणारा, ललितच्या वयाचाच. "अंगात पाणी साठतं, ताई. मग छातीत. मग फार वेळ नसतो हातात."

मग तिनं पोर्ट ब्लेअरच्या एका हॉस्पिटलमध्ये फोन लावायला सुरुवात केली. तिकडची एक बंगाली नर्स आधी वैतागली, मग ओळखीची झाली, आणि शेवटी म्हणाली की सोमवारी दुपारी एक मशीन राखून ठेवते.

"म्हणजे इकडं धावत यायला नको," मैना म्हणाली. "सोमवारी तिथंच मशीन, मंगळवारी आरामात परत. आणि हवामान जरा जरी बिघडलं, तर रविवारीच बोट पकडून निघायचं. सूर्यास्त गेला तर गेला."

ललित तिच्याकडं नुसता बघत राहिला. "माझ्यासाठी एवढं कुणी… म्हणजे आईनं केलं. आईनं तर किडनीच दिली होती. चार पावसाळे चालली ती. मग माझ्याच अंगानं तिला परकी ठरवलं." तो खिडकीकडं वळला. "आई त्यावर एक शब्द बोलत नाही. मी म्हणूनच कुठंतरी जायचं म्हणतोय. घरात ती मला बघते आणि मी तिला."

डॉक्टरांनी सहलीला होकार दिला, पण एका अटीवर. सोबत जाणतं माणूस हवं.

"आई यायची नाही, तिला आता प्रवास झेपत नाही," ललित म्हणाला. "मित्र आहेत. पण मशीन चुकलं की मी कसा होतो, ते त्यांनी पाहिलेलं नाही."

"मी येते."

त्यानं मान वर केली.

"मी येते," मैना पुन्हा म्हणाली, हळू आवाजात. "पण नुसती फिरायला म्हणून घोटीची माणसं मला सोडणार नाहीत. तेव्हा… काय करावं लागेल ते तुम्हीच बघा."

त्याला कळलं. कळल्याबरोबर त्याचा चेहरा विझला. "मैना, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला समजतंय का? मी सोबत द्यायचा माणूस नाही. मी अर्ध्यावर सोडून जायचा माणूस आहे."

"अजून 'तुम्ही'च म्हणणार?"

तो उठून गेला. त्यानंतर तो जिना उतरला की रस्त्याच्या दारानं निघून जायला लागला. मैनाला काचेतून त्याची पाठ दिसायची. दोनदा तो थांबला, एकदा त्याचा हात दाराच्या दांड्यापर्यंतही आला. आत मात्र आला नाही.

शेवटी तीच ओझरला गेली. ललित कारखान्यात होता. दार अंबूबाईंनी, त्याच्या आईनं उघडलं. काटक बाई, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, जिथं ऑपरेशनचा व्रण असेल तिथंच. कोण, कुठली, हे ऐकल्यावर त्यांनी चहा टाकला. आणि चहा उकळत असताना, पाठमोऱ्याच बोलल्या.

"पोरी, तू गुणाची दिसतीस. म्हणून सांगते, माघारी जा. माझ्या पोटचा गोळा हाय तो, मी त्याला माझ्या अंगातलं काढून दिलं. तरी नाय टिकलं. तू काय देशील?"

"माझ्याकडं द्यायला काही नाही, काकू," मैना म्हणाली. "मला त्याच्याबरोबर राहायचंय, एवढंच. जितकं मिळेल तितकं."

"आन् मग?"

"मग तुम्ही आहात, मी आहे."

अंबूबाईंनी गॅस बंद केला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि मैनानं उठून त्यांच्या हातातली सांडशी घेतली. चहा तिनंच गाळला.

मैनानं घरी फोनवर सगळं सांगून टाकलं. तिचे वडील केरू घोटीहून आले ते एका बुधवारी, कुणाला न सांगता. ऑफिसातल्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. ललित मशीनवरून उतरून खाली आला. मैनानं निरोप दिला होता म्हणून आला. चेहरा पांढराफटक, हाताला पट्टी. केरूंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"किती वर्सं काढशील?" त्यांनी सरळ विचारलं.

"माहीत नाही, काका. फार नसावीत."

"दुसरी किडनी भेटंल?"

"यादीत नाव घातलंय. पण एकदा नाकारली की पुढची जुळणं अवघड असतं."

केरूंनी टोपीची कड चाचपली. "खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मला नाय म्हणायला सोपं गेलं असतं." मग मैनाकडं न बघता म्हणाले, "तुझी आई येणार नाय लग्नाला. मी येईन."

फेब्रुवारीत नोंदणी कार्यालयात लग्न झालं. किशोरभाऊ आणि मनोज साक्षीला होते, अंबूबाई होत्या, केरू होते. मैनाची आई खरंच आली नाही. सही करून ललित तिच्याकडं वाकला. "तू," तो तिच्या कानाशी म्हणाला, "हट्टी आहेस फार." ते पहिलं 'तू'. मैनाला बाकीचा समारंभ नंतर आठवला नाही, तेवढं आठवलं.

पुढच्या शुक्रवारी ती दोघं निघाली.

विमान उडालं तेव्हा ललितनं खिडकीतून समुद्र पाहिला नाही, पंखच पाहिला. तो कसा लवतो, कसा थरथरतो, हे तिला सांगत राहिला. बेटावर पोचेतो त्याचे पाय सुजले होते. रात्री त्याला नीट झोप लागायची नाही, पाय आपोआप झटकले जायचे. घरी तो पहाटेपर्यंत व्हरांड्यात फेऱ्या घालायचा, असं अंबूबाईंनी तिला बजावून सांगितलं होतं. बेटावरची पहिली रात्रही तशीच गेली.

रविवारी सकाळी काचेच्या तळाच्या बोटीची वेळ झाली, पण त्याच्यानं चालवेना. मैनानं बोट रद्द केली. दोघं हळूहळू राधानगरच्या किनाऱ्यावर गेली. मोठमोठ्या झाडांच्या सावलीत तिनं चादर अंथरली. पाणी खरोखरच पोस्टरमधल्यासारखं होतं.

"जरा पाठ टेकतो," तो म्हणाला. "मग पाण्यात पाय बुडवू."

आणि तो झोपला.

पाय झटकले नाहीत. कपाळावरची आठी सैल झाली. ऊन सरकलं तशी मैना सावली धरून सरकत राहिली, त्याच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून. माणसं आली, पोहली, फोटो काढून गेली. तिनं एकदा त्याच्या हातावर बोटं ठेवली, ते गुणगुणणं चालू आहे ना, म्हणून. चालू होतं. मग समुद्र लाल झाला, जांभळा झाला. तिनं त्याला हाक मारली नाही.

तो उठला तेव्हा अंधारत होतं.

"सूर्य गेला?"

"गेला."

"उठवायचं ना… एवढं सगळं ठरवलं होतंस."

"नाही वाटलं उठवावंसं."

तो उठून बसला. दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "किती दिवसांनी झोपलो मी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. मैनानं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. त्यानंतर ती दोघं तशीच बसून राहिली, लाटा बघत, दिसेनाशा होईपर्यंत.

सोमवारी बोट वेळेवर निघाली. हॉस्पिटलातल्या बंगाली नर्सनं मैनाला पाहून "मैनाताई?" असं विचारलं आणि मिठी मारली.

ललित भाद्रपदात गेला. छातीत पाणी झालं होतं. अंबूबाई आणि मैना दोघीही जवळ होत्या.

मैना आता ओझरलाच राहते. रोज एसटीनं त्याच ऑफिसात येते. वरून उतरणारी माणसं दिसली की नजर वळवत नाही, कुणी धापा टाकत असेल तर दार उघडून आत बसवते. परवा एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. अंदमानलाच जायचं होतं त्यांना.

"तुम्ही स्वतः जाऊन आलात का?" मुलीनं विचारलं.

"आले ना."

"मग सांगा ना, त्या राधानगरला काय काय आहे?"

मैनानं थोडा विचार केला.

"समुद्र आहे," ती म्हणाली. "सूर्यास्त चांगला दिसतो म्हणतात. पण दुपारी झाडाखाली झोप फार छान लागते. तेवढी घ्या."

मुलगी नवऱ्याकडं बघून हसली. मैनानं त्यांना तारखा विचारल्या.