दोन ठोके

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर बेतली तो देवमन खोटे बोलणारा माणूस नाही. स्टेशनचे नाव तेवढे घेत नाही. अकोला आणि बडनेरा यांच्या मधले कुठलेतरी, एवढे पुरे.

साल १९५९. बुद्धपौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस.

वेळ रात्रीची नव्हती. भर दुपारी बाराची होती.

त्या स्टेशनात गाड्यांची इंजिने कोळसा घ्यायला थांबत. देवमन फावड्याने घमेले भरायचा, त्याची बायको मैना ते डोक्यावरून फळीने वर नेऊन इंजिनात ओतायची. वाफेच्या आवाजात बोललेले ऐकू येत नसे. म्हणून प्रत्येक जोडीची खूण ठरलेली. मैना हातातले गिलटाचे कडे घमेल्यावर वाजवायची.

एक ठोका म्हणजे, उचल.

दोन ठोके म्हणजे, डोक्यावर बसले, आता सोड.

दोन ठोके आल्याशिवाय देवमन घमेल्यावरचा हात कधी सोडत नसे.

त्या दिवशी दोघांचे वाजले होते. कोळशाचा ढीग खालून उकरून उकरून पोकळ झाला होता.

"मी नाही जात तिकून. वरचं सारं अंगावर येईन," मैना म्हणाली.

"मोठी राणी लागून गेली! सगळ्या बाया जातात, तुलेच काहून भेव वाटते वो?"

"मेली म्हणजे समजन तुले. जातो मी माह्या मायकडं, बाळापूरले."

देवमन हसला आणि नळावर पाणी प्यायला गेला.

परत आला तर मैना नव्हती.

चोरी कळावी म्हणून ढिगावर चुन्याचे पाणी शिंपडलेले असे. कोळसा हलला की पांढऱ्यात काळे दिसायचे. देवमनला ढिगावर वरून खालपर्यंत काळा पट्टा दिसला...

त्याने तो पाहिला. पाहून सोडून दिला.

कारण इंजिन येऊन उभे होते. मुकादम महादेवराव ओरडत होते.

"मैना कुठं हाये?" त्याने चतुराबाईला विचारले. तीही घमेली वाहायची.

"रागानं गेली असन बाळापूरले. भर बापा लवकर, मी नेतो."

देवमन भरू लागला. त्याच ढिगातून.

मग... टण्.

एकच ठोका.

त्याने मान वर केली. चतुराबाई तर दूर, फळीवर होती. उन्हाने कोळसा तडकला असेल, असे त्याला वाटले.

टण्.

पुन्हा एक. हळू.

तो भरत राहिला.

इंजिन गेले. सगळीकडे शांत झाले. आता काहीच वाजत नव्हते.

तेव्हा काळ्या पट्ट्याच्या पायथ्याशी त्याला घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ दिसली. मैनाच्या जुन्या हिरव्या लुगड्याची.

आठ माणसांनी उपसले. घमेले तिच्या छातीवर पालथे होते, कड्याचा हात त्याच्यावर. अंग अजून ऊन होते. पण उपयोग नव्हता.

आठव्या दिवशी देवमन कामावर गेला. बारा वाजले...

टण्.

ढिगाच्या आतून.

ढिगावर नवा चुना होता. कुठेही एक काळा डाग नव्हता.

देवमन धावला. फावडे टाकून हातांनी उकरू लागला. नखे फुटली. वरचा कोळसा घसरायला लागला तसे सोबत काम करणाऱ्या नत्थुजीने त्याला कमरेला धरून ओढले.

"येडा झाला काय? दबशील ना!"

"आवाज देऊन राहिली ते. या टायमाले तरी काढू दे मले!"

"देवमन, आपण नागपूरले दीक्षा घेतली ना रे? भूत मानतं काय तू?"

"भूत कोण म्हणते?" देवमन ओरडला. "माही बायको हाये ते!"

नत्थुजीने कमरेची पकड सोडली नाही. त्याला ठोका ऐकू आला नव्हता.

रोज बारा वाजता तेच. महिनाभराने देवमनने काम सोडले आणि नांदगाव खंडेश्वरला बहिणीकडे, दुर्गाबाईकडे राहायला गेला. तिथे रेल्वे नाही, कोळसा नाही. पाच वर्षे तो शेतमजुरी करत राहिला. ठोका आला नाही. आता ती गेली, असे त्याने मनाला सांगितले. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग १९६४ चा वैशाख. दुर्गाबाईचे अंगण. डोक्यावर ऊन. झाडाचे पान हलत नव्हते.

टण्.

देवमन उठला. या वेळी त्याने उकरले नाही. खूण होती तेच केले. वाकून दोन्ही हात पुढे धरले आणि उचलले.

हातांत काही नव्हते... पण वजन आले.

भरलेल्या घमेल्याचे वजन. त्याने ते एका बाईच्या डोक्याइतके वर नेले.

"दादा, असे हात करून काहून उभा हायेस उन्हात?" दुर्गाबाईने विचारले.

"थांब. सोड म्हणून ते सांगन मले."

ऊन कलले. हात वरच होते. शेवटी तो चक्कर येऊन पडला. दुर्गाबाईने पाणी आणले, त्याचे हात पुसले. दोन्ही तळवे काळे होते. पदराला कोळशाची भुकटी लागली. ते लुगडे तिने कधी धुतले नाही, आणि कोणाला दाखवलेही नाही.

त्यानंतर दर वैशाखात रोज दुपारी देवमन अंगणात उभा राहू लागला. गावातले लोक आधी हसले. नंतर त्या वेळी तिकडून जाईनासे झाले.

एक ठोका येतो. तो उचलतो. वजन येते.

मग तो कान देऊन उभा राहतो.

दोन ठोके अजून आलेले नाहीत.