दिवेलागणीची दोन दारं

देवबागला संचिताचं घर समुद्र आणि खाडीच्या मधल्या वाळूवर आहे. पुढच्या दारातून माडांआडचा समुद्र दिसतो, मागच्या दारातून खाडी. दिवेलागणीला पुढचं दार उघडं आणि मागचं बंद, हा तिच्या सासूबाईंचा नेम.

"मागलां दार उघडां ठेवू नको गो, लक्ष्मी भायर जाता," सुभद्राबाई म्हणायच्या. संचिता जवळच्या कट्टा गावच्या कॉलेजात बारावीला फिजिक्स शिकवायची. ती हसायची आणि कडी लावायची.

त्या दिवशी सासूबाई होडीने पलीकडे बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना अंगणातून ओरडल्या, "मास्तरणी, कडी घाल हां येळेर! तुझां लक्ष त्या पुस्तकात."

नवरा दीपेश बोटीवर, वर्षातले आठ महिने असतो तसा. वीज गेलेली, ऑक्टोबरचा उकाडा. संचिता माजघरातल्या झोपाळ्यावर बसली तसा तो कुरकुरला. बाळंतपणानंतर तो कुरकुरू लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "झोपाळो सांगता, सून अंगान भरली!" तेव्हापासून दोघीही त्याला तेल घालत नव्हत्या.

तीन वर्षांची होत आलेली सृष्टी पायांतले वाळे वाजवत घरभर धावत होती. दिवेलागण झाली तरी वारा यावा म्हणून संचिताने मागचं दार उघडंच ठेवलं आणि उद्याचा धडा उघडला. इलेक्ट्रॉनसमोर दोन फटी ठेवल्या, तर एकटा इलेक्ट्रॉनही लाटेसारखा दोन्हींतून जातो. असे एकेक करून कितीतरी सोडले की पडद्यावर पट्टे उमटतात. एक भरलेला, एक रिकामा. कुठल्या फटीतून गेला हे बघायला जावं, तर पट्टे नाहीसे. लाट सगळ्यांनाच असते, तुम्हाआम्हालाही. पण वस्तू जड असली की लाट इतकी बारीक, की असून नसल्यासारखी.

पोरांना हे कसं पटवायचं, या विचारात ती होती. तेव्हा पुढच्या अंगणात वाळे वाजले.

आणि मागच्याही.

"आई!" समुद्राकडून हाक आली. "आई!" खाडीकडून. एकाच श्वासात.

ती पुढे धावली. कुणी नाही. मागे कुणी नाही. घराच्या कडेला, सकाळी तिनेच झाडून सपाट केलेल्या वाळूत, दोन्ही दारांकडून इवली पावलं आली होती. जिथे ती एकमेकांना भेटली होती तिथे एका पट्टीत पावलांवर पावलं, मग हातभर कोरी वाळू, मग पुन्हा पावलांची गर्दी, पुन्हा कोरी. उड्या मारल्यासारखं नव्हतं ते. कोऱ्या पट्ट्यांत कुणी गेलंच नव्हतं.

मागे वळून बघते तर सृष्टी पुढच्या पायरीवर उभी. संचिताने झडप घालून तिला कडेवर घेतलं, आणि जागच्या जागी थबकली.

लेकराचं वजन आईच्या कमरेला पाठ असतं. हे तेवढं नव्हतं. भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी, तसं झालं.

ती आत पळाली. मागचं दार लोटलं, कडी घातली.

दारापलीकडे वाळे वाजले.

"आई, दाल उघड ना."

कडेवरची सृष्टी गप्प होती. आईच्या डोळ्यांत बघत होती. संचिता जितकी तिच्याकडे निरखून बघे, तितकी ती हलकी होत होती.

संचिताचा हात कडीवर गेला आणि थांबला. उघडून बघितलं, तर एकच उरेल. कुठली? आणि किती?

जन्मल्यापासून या पोरीवरून तिने नजर हलवली नव्हती. अंघोळीला गेली तरी दार किलकिलं ठेवून. आता तिने डोळे घट्ट मिटले, चाचपडत कडी काढली, दार सताड उघडलं. मग पोरीला छातीशी धरून तशीच झोपाळ्यावर जाऊन बसली. तो कुरकुरला.

दोन्हीकडून वारा आला. एक खारा, एक चिखलाच्या वासाचा.

घरात आता बघणारं कुणीच नव्हतं.

वाळे जमिनीवरून आले. अगदी जवळ. थांबले.

हळूहळू मांडी भरून आली. ओळखीचा भार. मानेखाली ओळखीचा घाम. "आई, भूक," सृष्टी पुटपुटली.

संचिताने डोळे उघडले. सृष्टी होती. सगळीच्या सगळी. तिच्या एका तळव्याला समुद्राची पांढरी वाळू होती, दुसऱ्याला खाडीचा काळा चिखल. संचिता तिला कवटाळून रडली, हसली, पदराने दोन्ही तळवे पुसले.

मागच्या दारातून सासूबाई आल्या आणि उंबऱ्यावरच थिजल्या.

"तू हय?"

"हय म्हणजे? मी खंय जातलंय, आई?"

"आत्ता खाडयेर दिसलंस मां. कडेर कोण नाय, काय नाय, एकटीच पाण्याच्या कडेन चल्ललंस. हाक मारलंय, तर मागे वळान बघलंस पण नाय."

"दुसरी कोण असात, आई."

"माझी सून माका कळना नाय?"

सृष्टी मांडीवर डुलक्या घेत होती, चांगली जड. तिला झोका द्यावा म्हणून संचिताने पाय रेटला. झोपाळा पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला.

कुरकुरला नाही.