जव्हारात रेडिओ छान लागतो

दाभोशाच्या फाट्यावर धुकं इतकं दाट होतं, की हात करणारा माणूस आधी दिसलाच नाही, त्याच्या काखेतली गोणी तेवढी दिसली. चैतीनं ब्रेक दाबला. गोणी आत आली, तिच्यामागून एक ओलाकच्च तरुण आला आणि बसल्या बसल्या त्यानं कान टवकारले.

"गाडीत कोण रडतंय?"

"गाणं आहे ते," चैती आरशातून म्हणाली.

"गाणं? मला वाटलं, डब्यात भुंगा कोंडलाय."

मागचे पॅसेंजर फिदीफिदी हसले. चैतीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बापाचे, म्हणजे वामनचे, डोळे मंदावल्यापासून दाभोसा–जव्हार फेऱ्या तीच मारत होती आणि बा शेजारी बसून सीटा भरत होता. गाडी नवीकोरी. तिला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती.

"एवढं कळतं तर तू वाजव की चांगलं."

"तोच धंदा आहे माझा. जव्हारला स्टँडसमोर टपरी आहे. हरेश, वावरचा." त्यानं गोणीवर थाप मारली. "ह्यात आवाज वाढवायचा अँप आहे, कोंबड्या नाय."

तेवढ्यात वामन कडाडला, "आमचा कंपनीचा स्टीरिओ काढायचा नाय हां! शोरूममधून आला तसा आहे. वरचं प्लास्टिक बी सोललं नाय अजून."

"नाय काढत, मामा. एक वायर कापणार नाय. त्याच्या मागून नुसता जोर देतो. नवरी तीच ठेवतो, वरात मोठी करतो."

हे शेवटचं वाक्य तो बोलला वामनशी, पण बघत होता आरशात. चैतीनं आरसा वर केला. वळण आल्यावर मात्र तो पुन्हा खाली करावा लागला... मागचं दिसायला नको का?

पुढच्या बाजाराच्या दिवशी गाडी टपरीसमोर लागली. बा चहाला गेला. हरेशनं दारांची आतली पॅडं उतरवून नवे स्पीकर बसवले, स्टीरिओ अलगद पुढं ओढला, मागच्या वायरींचे कपलर जोडले, सीटखाली अँप बसवला आणि स्टीरिओ होता तसा परत सरकवला. प्लास्टिकला सुरकुतीसुद्धा पडली नाही. चैती टॉर्च धरून वाकली होती.

"टॉर्च वायरीवर मार," तो म्हणाला.

"वायरीवरच आहे."

"मग माझे डोळे का दिपतात?"

"सवय नसंल उजेडाची," ती म्हणाली, आणि टॉर्च खरंच हलला. "सगळ्यांना काका म्हणतोस, माझ्या बाला मामा कशाला?"

मामाची पोर म्हणजे हक्काची नवरी, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हरेशच्या हातातला पाना खाली पडला. "तोंडात... आलं," तो पुटपुटला.

वाजवून बघायला त्यानं आपला फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला. कुठल्याशा लग्नातल्या नाचात त्यानंच फोनमध्ये भरून घेतलेली, फुंकून वाजवायच्या तारप्याची धून सुरू झाली, आणि चैतीला वाटलं, वाजवणारा मागच्या सीटवरच बसलाय. धून पाठीतून शिरली आणि छातीत घुमली. तिनं आवाज आणखी वाढवला. तो तिच्याकडे बघत राहिला.

काम झालं, की गिऱ्हाइकाच्या स्टीरिओतून आपल्या फोनचं नाव पुसून टाकायचं, हा ह्या धंद्यातला पहिला नियम. हरेश तो विसरला. विसरला, असं तो म्हणतो. आणि पुसायचं कसं, हे चैतीला येत नव्हतं, असं ती म्हणते. दोघंही सारखीच खोटारडी.

मग व्हायचं असं, की गाडी जव्हार स्टँडला लागली, टपरी चार पावलांवर आली, की हरेशचा फोन आपोआप जुळून स्टीरिओ 'टुंग' करायचा आणि तारपा वाजायला लागायचा. कधी तारपा, कधी एखादं लाडीगोडीचं गाणं. चैती उत्तरादाखल दोनदा हॉर्न मारायची. टपरीत एक डोकं वर यायचं.

"जव्हारात रेडिओ छान लागतो गे," वामन खुशीत मान डोलवायचा. "आपल्याकडं मेला नुसता खरखरतो."

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि भातं कापून खळ्यावर आली तेव्हा पोशेऱ्याहून निरोप आला.

चैती त्या दिवशी गाडीतून उतरून टपरीत गेली. "गुरुवारी पोशेऱ्याची माणसं येणारेत."

"कशाला?"

"गाडी बघायला नाय."

हरेशचा हात थांबला. "पोरगा काय करतो?"

"अर्जुन नाव. ठाण्याला कंपनीत आहे. घरची भात-नागलीची शेती. लग्न झालं तर मी ठाण्याला जाणार, गाडी चुलतभाऊ चालवणार."

"मग... चांगलंच आहे."

"एवढंच?"

"चैती, आमच्याकडं मिरची लावायला पण स्वतःचा तुकडा नाय. मामा इचारतील, पोराचं काय आहे? मी काय दाखवू? हा स्क्रू-ड्रायव्हर?"

"बाला काय सांगायचं ते मी बघीन. तू मला तर सांग."

तो स्क्रू-ड्रायव्हरकडेच बघत राहिला. बाहेर एसटी आली, गेली. चैतीचे डोळे भरून आले, पण ती टपरीत रडणारी नव्हती.

"गाडीला जोर दिलास," ती म्हणाली, "तुझ्या जिभेला कधी देणार?"

दुसऱ्या दिवसापासून जव्हारात 'टुंग' झालं नाही. त्यानं फोनचं ब्लूटूथच बंद केलं होतं. तिनं हट्टानं हॉर्न मारला. डोकं वर आलं नाही. हे प्रेम होतं, हे तिला त्या मुक्या स्टीरिओनं सांगितलं. गाणी वाजत होती तोवर ती नुसती गंमत वाटत होती.

"रेडिओ बंद पडला काय गे?" बानं विचारलं.

"हवा खराब असंल, बा."

गुरुवारी पाहुण्यांना आणायला गाडी तिनंच काढली. अर्जुनला सुट्टी नव्हती. त्याचा काका मंगळू आणि काकी जिवली आले होते. बोलणं जवळजवळ पक्कंच होतं. घरी जायचं, जेवायचं, पोरीच्या ओटीत नारळ घालायचा, की विषय संपला. पण जव्हारात शिरताना जिवलीबाईंनी कपाळावर हात मारला. नारळ पोशेऱ्यालाच राहिला होता!

"स्टँडवर घेऊ," वामन म्हणाला.

स्टँडवर म्हणजे टपरीसमोर. चैतीनं गाडी उभी केली आणि स्टिअरिंग घट्ट धरलं. तिकडे बघायचं नाही, असं ठरवलं होतं. मंगळूकाका उतरला, नारळ कानाशी हलवून पारखून घेतला, परत येऊन बसला. तिनं चावीला हात घातला...

टुंग.

चैतीचा हात चावीवरच राहिला. हरेशनं ब्लूटूथ चालू केलं होतं. आज! पण गाणं वाजलं नाही. स्टीरिओ कर्कश्श केकाटायला लागला.

"आता हा रेडिओ का कोकलतो?" वामननं डोळे बारीक करून दिसेल ते हिरवं बटण दाबलं.

"हरेऽऽश!"

हरेशला आलेला फोन गाडीनंच उचलला होता; चारही दारांतून बाईचा आवाज धडधडला. जिवलीबाईंनी पदर गच्च धरला.

"बोललास का रं तिच्या बाला? का परत दातखिळी बसली? घरी येऊन जेवत नाय, झोपत नाय. म्हणं, चैतीला दुसऱ्याच्या घरी जाताना बघवणार नाय. मग जा ना, बोल! आज पाहुणे यायचेत म्हणालास!"

चैतीचा हात बटणाकडे झेपावला. वामननं तिचं मनगट धरलं. बापाचा चेहरा तिला वाचता येईना. पाहुण्यांसमोर आपण त्याला मान खाली घालायला लावली, एवढंच तिला कळलं.

"कोण बोलतं?" वामननं विचारलं.

"...मी सकू. हरेशची आई. तुमी कोण?"

"वामन. दाभोशाचा. पोरीचा बाप."

पलीकडून आवाज आला, हळू, पण न डगमगता. "वामनदादा, फोन कसा लागला मला ठाव नाय. लागलाच आहे तर ऐकून घ्या. शेत नाय आमचं. दुसऱ्याच्या बांधावर राबून पोराला मोठा केलाय. पोर लबाड नाय. तुमच्या पोरीला गाडी सोड असं ह्या घरात कोणी म्हणणार नाय. एवढंच आहे आमच्याकडं."

तोवर टपरीतून हरेश धावत आला होता. फोन कानाला लावून तो "आये, हॅलो, हॅलो" करत होता आणि त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. खिडकीशी पोचला आणि स्वतः बसवलेल्या स्पीकरमधून आईचे शेवटचे शब्द ऐकून जागीच थिजला.

"आई बोलली," वामन म्हणाला. "तू कधी बोलणार?"

"मामा..." हरेशनं फोन खाली घेतला. "आज बोलायचंच होतं. गाणं लावून गाडी थांबवणार होतो. मला चैती पाहिजे. शेत नाय माझं. जे आहे ते हे तुमच्यासमोर उभं आहे."

"अहो, मग आमचा नारळ?" जिवलीबाई म्हणाल्या.

"थांब गे," मंगळूकाकानं नारळ मांडीवर घेतला. "वामनभाऊ, पोरीला इचारा आधी. रडत आलेली सून आमाला पण नको."

वामन वळला. "चैते?"

पाहुणे मागे, बा शेजारी, तो खिडकीत. आज बोललं नाही, तर जन्मभर ठाण्यात कुठेही तारपा वाजला तरी ती कान झाकून घेणार होती.

"बा... मला हरेशच पाहिजे."

"काय म्हणली?" दारं कडाडली. "कोणी सांगा तरी मला!"

"हो म्हणली, मावशी," चैती स्टीरिओकडे तोंड करून म्हणाली, आणि मग रडली आणि हसली.

मंगळूकाका नारळ घेऊन उतरायला लागला, तर वामननं त्याचा हात धरला. "बसा. तुमी पोरीचं ऐकलंत, सोयऱ्याहून मोठे झालात. जेवल्याबिगर सोडणार नाय. नारळ घरी फोडून खाऊ." मग खिडकीकडे वळून, "आणि तू काय तिथं खांबासारखा? बस आत."

हरेश मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला. चैतीनं आरसा खाली केला, उघडपणे. वामन मात्र स्टीरिओकडे बघत होता.

"म्हणजे जव्हारात रेडिओ छान लागायचा... तो हा?"

हरेशनं मान खाली घातली. चैती रस्ता बघायला लागली.

वामननं नखानं स्टीरिओवरच्या प्लास्टिकचा कोपरा उचलला आणि सर्रकन सगळं सोलून काढलं.

"लाव," तो म्हणाला. "आता घरापर्यंत वाजू दे."