शिकवलेला हात

न्हावी दुपारी दुकान धाकट्या भावावर सोपवून इस्पितळात जायचा. अर्धांगवायूने त्याचा उजवा हात लुळा पडला होता, आणि हातच नाही तर न्हावी कसला? तिथली ताई त्या हातावर जाडसर मोजा चढवी आणि मोज्याची वायर संगणकाला जोडी. मग संगणक आतून बोटं धरून शिकवी. वस्तरा असा धरायचा, मनगट असं वळवायचं. लेकराचा हात धरून गिरवून घ्यावं, तसं.

"ही चाल कुणाच्या हाताची, ताई?"

ताई वायर नीट करत म्हणाली, "आमच्या शवागारातल्या मामांची. प्रेतांची दाढी करायचे. यात भरून घेतली, नि पुढे गेलेच ते."

संध्याकाळी दुकानात हे ऐकून धाकटा हसला. "बरंय की! त्यांच्या गिऱ्हाइकांची कधी तक्रार नसेल."

हात सुधारला. न्हावी पुन्हा दुकानात उभा राहिला. पण गिऱ्हाइकाच्या गालाला टेकला की वस्तरा लटलट कापायचा. फक्त पोस्टमास्तर बसले, तेव्हा हात दगडासारखा स्थिर झाला. दाढी इतकी सुरेख झाली की न्हाव्याचे डोळे भरून आले. शेवटी हाताने आपणहून त्यांच्या पापण्या हळूच खाली ओढल्या.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर गेल्याचं कळलं. पुढे म्हाताऱ्या शिंप्याचंही तसंच झालं.

न्हाव्याने वस्तरा ठेवून दिला. का, ते कुणाला सांगितलं नाही. दादाचं ते गप्प बसणं धाकट्याला पाहवेना. एका सकाळी तो स्वतःच खुर्चीत बसला.

"माझी कर, दादा. कापलंस तर घरातलंच रक्त."

न्हावी नको म्हणणार होता. पण मनात आलं, हात थरथरला तर जिवाचा घोर तरी मिटेल. त्याने फेस लावला, वस्तरा उचलला. हात थरथरत होता. त्याला हायसं वाटलं. त्याने वस्तरा गालाला टेकवला...

थरथर थांबली.

"वा! बघ, कसा स्थिर..."

"बोलू नकोस," न्हावी कुजबुजला. मग हातालाच म्हणाला, "थरथर की रे... थरथर ना..."

त्याने डाव्या हाताने वस्तरा हिसकावून फेकला. रिकामा उजवा हात कामातच होता. त्याने धाकट्याची हनुवटी वळवली, आपणहून न वळणाऱ्याची वळवावी तशी. मग बोटं वर सरकली.

"किती गार हात रे, दादा..."

न्हाव्याने मनगट धरून हात खेचून काढला आणि छातीशी घट्ट आवळून भिंतीपर्यंत मागे सरला.

धाकटा डोळे मिटून हसत होता.

"दादा," तो म्हणाला, "आता सोड ना डोळे."