मागचा दिवा

चौथा दिवा पायलने परत आणून काउंटरवर ठेवला तेव्हा राघोकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नुसतं बघितलं.

"याला काय झालं?"

"पाणी गेलं आत."

"पाऊस कुठाय? नोव्हेंबर चाललाय."

"बादलीत ठेवला होता. दहा मिनिटं."

राघोकाका हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. "सायकलीला लावायचाय का पाणबुडीला? अगं, लग्नाला स्थळं पन येवढी कोन नाकारत नाय."

ठाकुर्लीत, चोळेगावाच्या तोंडाशी त्यांचं सायकलचं दुकान होतं. छताला टायर टांगलेले, खाली ऑइलने काळी झालेली फरशी. पायलचे बाबा, शिवराम, तीस वर्षं इथेच यायचे. पायल ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासण्याचं काम करत होती. खोक्यावर छापलेलं खरं धरायचं नाही, याचाच तिला पगार मिळे. दिव्यांनाही तिने तोच न्याय लावला होता. पहिला दिवा रबरी पट्ट्याचा. तो तिने वॉशिंग मशीनला बांधला आणि कपडे पिळायला लावले. तिसऱ्या मिनिटाला तो मान टाकून जमिनीकडे बघू लागला. दुसऱ्याच्या खोक्यावर वीस तास लिहिलेलं होतं, तो साडेचार तासांत विझला. तिसरा विझला नाही, पण इतका सावकाश मंद होत गेला की तो मेला कधी हे शेजारी बसूनही कळलं नाही.

"पोरी, मागच्या दिव्याचं आसं हाय," राघोकाका स्टुलावर चढत म्हणाले, "पुढचा दिवा आपला, आपल्याला रस्ता दाखवतो. मागचा आपला नसतोच. चालवनाऱ्याला तो दिसतो का? नाय. चालू हाय का बंद, ते मागच्या मान्सानंच सांगायचं."

वरच्या फळीवरून त्यांनी धुळीने माखलेलं एक खोकं काढलं. जाड लाल काचेचा, बसका दिवा. रबर नाही. पान्याने आवळायचा लोखंडी क्लॅम्प.

"चार्जिंगचा नाही?"

"नाय. दोन सेल घालायचे आन् विसरायचं. सायकलीवरनं काढायचीच गरज नाय."

पायलने दिवा हातात घेतला.

"हाच द्या."

"बुडवनार नाय?"

"बुडवीन. पण हाच."

काढायची गरज नसलेला दिवा तिला का हवा होता, हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या जानेवारीत, एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले होते की मागचा दिवा हल्ली मंद जळतो. झोपण्यापूर्वी ती खाली गेली, जिन्याखालच्या सायकलीचा दिवा काढला आणि वर आणून टीव्हीमागच्या प्लगला चार्जिंगला लावला. सांगायचं राहिलं. बाबा पहाटे पावणेसहाला रोजच्यासारखे निघाले. पत्रीपूल, दुर्गाडी, आधारवाडी, तिथून गांधारी पूल, पलीकडे चहा आणि परत, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा नेम. त्या दिवशी पुलावर मागून डंपर आला. चालक पळाला नाही, त्यानेच फोन केला. "समोर काही दिसलंच नाही," एवढंच तो सांगत राहिला. पंचनाम्यात ओळ होती: सायकलीस मागील बाजूस दिवा आढळून आला नाही.

फोन आला तेव्हा टीव्हीमागे हिरवा ठिपका लागला होता. दिवा पूर्ण भरला होता. माणसं जमायच्या आत पायलने तो पर्समध्ये टाकला आणि पंधरा दिवसांनी ठाण्याला, कंपनीच्या भंगारात.

पायलची आई रंभा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "दिव्याशिवाय कधी जात नसत हो. त्या दिवशी कसे गेले कोणास ठाऊक." पायल पाण्याचे ग्लास फिरवी. जानेवारीत पहिला स्मृतिदिन होता. बुद्धवंदना होईल, माणसं येतील, आई पुन्हा तेच वाक्य म्हणेल. त्याआधी एकदा बाबांच्या, दुरुस्त करून आणलेल्या सायकलवरून त्या पुलापर्यंत जायचं आणि परत येऊन आईला खरं सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. ते ऐकल्यावर आई आपल्याशी बोलेल का, हे मात्र तिला ठरवता येत नव्हतं.

आई सायकलला नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "आधी दिवा. दिवा पक्का झाल्याशिवाय सायकल जिन्याखालून हलणार नाही."

पाचवा दिवा बादलीतून कोरडा निघाला. मशीनवर हलला नाही. पायलने तो सीटच्या दांड्याला, कॅरिअरच्या अगदी लगत आवळला आणि दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असताना ती निघाली.

पहिले आठ दिवस ती दुर्गाडीवरूनच परत फिरली. गोविंदवाडीच्या रस्त्याला तबेल्यांचा उबदार वास यायचा, खाडीवरून गार वारा. त्यापुढे पाय चालत नव्हते. परतीला उजाडलेलं असे. दुर्गाडीला थांबून ती दिवा बंद करी आणि घराकडे वळे.

तिसऱ्या दिवशी पत्रीपुलाजवळ एक रिक्षावाला मागून शेजारी आला. त्याने हात बाहेर काढून पाच बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. दिवा चालू राहिलाय, असं सांगणारी, रस्त्यावरच्या सगळ्यांना कळणारी खूण. पायलने मान हलवून आभार मानले, थांबून मागे बघितलं. दिवा बंद होता.

दोन दिवसांनी साडीवर बूट घालून फिरायला निघालेल्या एका बाईंनी हाक मारली. "अगं, मागचा लाइट चालूच आहे तुझा. सेल जातील."

तो बंद होता.

ऊन पडलं तर लाल काच चमकते, हे तिला माहीत होतं. तिने मडगार्डवरच्या रिफ्लेक्टरला काळी चिकटपट्टी लावली. पुढच्या दिवशी ढग होते. दुर्गाडीला तिने दिवा नुसता बंद केला नाही, सेल काढून जॅकेटच्या खिशात टाकले. नव्वद फुटी रस्त्यावर शाळेच्या बसमधल्या मदतनीस बाईने खिडकीतून बोटं उघडली, मिटली.

पायल चिडली. तपासणीत दोन मापं जुळली नाहीत की ती तिसरं घेई. दूध केंद्रावर एक गृहस्थ क्रेट मोजत उभे होते. ती त्यांच्यापाशी थांबली.

"काका, माझा मागचा दिवा चालू आहे का, जरा बघता?"

ते मागे गेले, वाकले. "नाही. बंद आहे."

"नक्की ना?"

"अहो, बंद म्हणजे बंद. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं, चांगलं दिसतं."

ती निघाली. दहा-बारा हात गेली असेल, मागून आवाज आला.

"ओ ताई, आता लागला बघा."

ती थांबली.

"गेला," काका म्हणाले. मग त्यांनी क्रेट उचलला. "लूज कनेक्शन असणार. राघो पाटलांकडे दाखवा, चांगला माणूस आहे."

खिशात दोन सेल एकमेकांवर वाजत होते.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही, आणि याचंच तिला नवल वाटलं. बाबांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. नातेवाइकांत कोणाच्या अंगात आल्याची गोष्ट निघाली की ते चहा अर्धा टाकून उठत. तिनेही तो विचार मनात पुरा होऊ दिला नाही. सेल परत घातले, झाकण लावलं आणि त्यानंतर कोणी बोटं उघडून-मिटून दाखवली की ती नुसती मान हलवू लागली. रस्त्यावर आता तिला थोडं मोकळं वाटत होतं. गाड्या तिला लांबून वळसा घालत होत्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती दुर्गाडीला थांबली नाही.

लाल चौकी गेली. आधारवाडी तुरुंगाची लांबलचक भिंत गेली. कचऱ्याच्या डोंगरावर कुठेतरी धुमसत होतं, त्याचा आंबूस धूर घशाला लागला. पुढे उतार आला आणि हवा एकदम ओली झाली. उल्हास नदीवर धुकं बसलं होतं. पुलाचे कठडे दहा पावलांपुढे पांढऱ्यात विरघळत होते.

ती उतरली नाही. एक पाय टेकून मागे वाकून बघितलं. दिवा चालू होता, धुक्यात त्याच्याभोवती लाल कापसासारखं वलय होतं. ती पुलावर चढली.

मध्यावर तिला मागून इंजिनाचा आवाज आला.

मोठी गाडी होती. जोरात येत होती.

कठडा डावीकडे हातभर अंतरावर. सरकायला जागा नव्हती.

तिने हँडल घट्ट धरलं. मागे बघितलं नाही.

ब्रेकचा लांब, ओला आवाज आला. मग काहीच नाही. मग तेच इंजिन, पण खालच्या गिअरमध्ये, हळू, तिच्या वेगाने. पुलाचं दुसरं टोक येईपर्यंत ते तसंच मागे राहिलं, पुढे आलं नाही. एकदा हॉर्न वाजला, तोही दबक्या आवाजात.

पूल संपल्यावर रस्ता रुंद झाला. टेम्पो शेजारी आला. भाजी उतरवून पडघ्याकडे परत जाणारा, मागे रिकाम्या जाळ्या. चालक पन्नाशीचा, गळ्यात मफलर. त्याने काच खाली केली.

"ताई, तुमच्या माणसाला सांगा ना जरा. साइडच देत नाहीत."

"कोणाला?"

"मागे आहेत ते. मधोमध चालवतात. माझी काच धुरकटलेली, त्यांचा लाल दिवा दिसला म्हणून ब्रेक लागला, नाहीतर काय खरं नव्हतं. हॉर्न दिला तर हात असा खाली करतात. सावकाश, सावकाश म्हणून." त्याने खिडकीतून तळवा खाली दाबून दाखवला. "बरोबर आहे त्यांचं, धुकं आहे. पण कडेने तरी..."

बोलता बोलता त्याने आरशात बघितलं. मग दार उघडून, अर्धवट बाहेर येऊन मागे बघितलं.

पूल रिकामा होता.

"आत्ता होते," तो म्हणाला.

पायलने काही विचारलं नाही. वय विचारलं नाही, कपडे विचारले नाहीत. टेम्पोवाल्याने काच वर केली आणि तो गेला, पण बराच वेळ सावकाशच गेला.

परतताना ती पुलाच्या मध्यावर उतरली. डांबरावर कसलीच खूण नव्हती. वर्षभर ती जागा तिच्या डोळ्यांपुढे जशी होती तशी ती नव्हती, साधी होती. कठड्यावर बगळ्यांची घाण, खाली पाण्याचा आवाज. ती थोडं रडली. मग सायकलवर बसली. मागे कोणी असेल तर त्याला अडचण नको म्हणून की काय, ती कडेने चालवत आली.

घरी आई चहा ठेवत होती. पायलने हातही धुतले नाहीत.

"आई, बाबांचा दिवा मी काढला होता. आदल्या रात्री. चार्जिंगला लावला होता टीव्हीमागे. सांगायचं राहिलं."

आईने गॅस बारीक केला. चमचा ओट्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"परत वर आले होते ते," आई म्हणाली.

"कधी?"

"त्या दिवशी. खालून परत आले. म्हणाले, दिवा कुठाय गं? मी अंथरुणातच होते. म्हटलं, मला काय माहीत, अर्ध्या वाटेत उजाडेल, जा. उठायचा कंटाळा आला मला. उठले असते तर टीव्हीमागे दिसलाच असता की तो."

चहाला उकळी येऊन गेली.

"मग लोकांना सांगायचीस ते? कसे गेले कोणास ठाऊक म्हणून?"

"दुसरं काय सांगायचं होतं मी?"

पायलला ते वर्षभराचं वाक्य आता वेगळं ऐकू आलं. तिने आईच्या दंडावर हात ठेवला. हात चेनच्या ऑइलने काळा होता, आईच्या बाहीला डाग लागला. आईने तो बघितला आणि दंड तसाच राहू दिला.

"बावळट," थोड्या वेळाने आई म्हणाली. कोणाला, ते कळलं नाही. "एवढं वर्ष एकटीने घेऊन फिरलीस."

"तू पण."

"मी म्हातारी आहे. मला चालतं."

दोघी हसल्या, नीट जमलं नाही, पण हसल्या. चहा फार उकळला होता, कडू झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला, ओट्याशी उभ्या राहून. स्मृतिदिनाला कोणाकोणाला बोलवायचं, खीर घरी करायची की बाहेर सांगायची, यावर थोडं बोलणं झालं. आईने कप विसळले.

"उद्या जाणार का?"

"जाईन."

"मग तो दिवा जरा वर लाव. सीटच्या अगदी खाली."

"का? आहे तिथे घट्ट बसलाय."

"घट्ट असेल. पण मी उठते ना आता रोज, गॅलरीतून बघते तुला वळणापर्यंत. तुझा दिवा मला एकदासुद्धा दिसला नाही." आईने कप उपडे घातले, फडक्याने ओटा पुसला. "मध्ये मागच्या सायकलवाल्याची पाठ येते."